मीटरवर टोपी ठेवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव मला कधीच कळलं नाही. पुण्यात नारायण पेठेत बोळाच्या तोंडाशी तुमचा टेलिफोन बूथ होता. पिवळी पाटी, त्यावर काळ्या अक्षरांत एस.टी.डी., आय.एस.डी., पी.सी.ओ. अपंगांसाठीच्या योजनेतून तो तुम्हाला मिळाला होता, एवढं ऐकून होतो. भिंतीला टेकवलेली कुबडी आणि डोक्यावरची पांढरी टोपी आठवते.

मागच्या महिन्यात माझी आई गेली. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि त्या रात्री मला तुमचीच आठवण येत राहिली. हे पत्र फार आधी लिहायला हवं होतं.

३० सप्टेंबर १९९३. रात्रभर विसर्जन मिरवणूक बघून आम्ही होस्टेलवर येऊन पडलो होतो. सकाळी कुणाच्या तरी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं आणि हातपायच गळाले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला होता. आमचं गाव तिथून जवळच, औसा तालुक्यात. घर दगडमातीचं, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. आत आई आणि धाकटी बहीण. गावात आमच्या ओळखीत कुणाकडे फोन नव्हता. लातूरच्या मार्केट यार्डात मामा एका आडतीवर मुनीम होते, त्या दुकानाचा नंबर हाच आमचा पी.पी. नंबर, म्हणजे दुसऱ्याच्या फोनवर आम्हाला निरोप मिळायचा तो.

आधी होस्टेलच्या ऑफिसात गेलो. तिथल्या फोनच्या डायलला छोटं पितळी कुलूप असायचं. किल्ली ज्यांच्या खिशात होती, ते म्हणाले, हा फोन ऑफिसच्या कामासाठी आहे. माझं गाव कुठलं हे त्यांना माहीत होतं. मग एका मोठ्या बूथवर गेलो. तीनदा लावून लागला नाही, तेव्हा 'बाकीची गिऱ्हाईकं खोळंबलीत' म्हणत त्यांनी मला बाहेर काढलं. ती माणसं वाईट नसतीलही. पण ते कुलूप मी आजवर विसरलेलो नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही नंबर लिहिलेला कागद माझ्या हातातून घेतलात आणि स्टूल पुढे सरकवलंत. मग दिवसभर तुम्हीच नंबर दाबत होतात. शून्य, दोन, तीन, आठ, दोन, आणि पुढचे आकडे. दर वेळी एक्स्चेंजच्या रेकॉर्डवरच्या बाईंचा तोच आवाज, "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं." दुसरं गिऱ्हाईक आलं की त्याचा फोन लावून द्यायचात, तो गेला की पुन्हा लातूर. संध्याकाळपर्यंत तुमच्या बोटाचं टोक लाल झालं होतं.

रात्री अकरानंतर पाव दर लागायचा, म्हणून तेव्हा तुमच्याकडे पोरांची रांग असायची. त्या रात्रीही होती. साडेअकराच्या सुमारास लाइन लागली. मामांनी उचलला. चुलते आणि चुलती गेले होते. आई आणि बहीण विसर्जनाहून येऊन अंगणातच झोपल्या, म्हणून वाचल्या. ट्रॅक्टरमधून त्यांना लातूरला आणलं होतं. "थांब, आक्काला देतो," मामा म्हणाले.

आईने त्याआधी कधी फोन हातात धरला नव्हता. ती बोललीच नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, आणि मागून कुणीतरी म्हणत होतं, "बोल की माय, पोरगं हाय तिकडं." मलाही शब्द फुटेना. समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. माझ्या खिशात जेमतेम चाळीस रुपये होते, आणि त्या अवस्थेतही माझी नजर त्या आकड्यांवरच जात होती.

तेव्हा तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत आणि मीटरवर ठेवलीत. आकडे झाकून टाकलेत. बोलला काही नाहीत. तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसलात. रांगेतलंही कुणी घाई केली नाही.

आई किती वेळ गप्प होती कोण जाणे. शेवटी तिने एकदाच माझं नाव घेतलं.

त्या फोनचे पैसे तुम्ही लगेच मागितले नाहीत. दिवाळीनंतर परत आलो तेव्हा जपून ठेवलेली स्लिप काढलीत आणि तेवढेच पैसे घेतलेत, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. घेतलेत ते फार बरं केलंत. आमचं तेव्हा सगळंच कुणाच्या ना कुणाच्या मदतीवर चाललं होतं, पत्र्याच्या शेडपासून अंगावरच्या कपड्यांपर्यंत. तुमच्या काउंटरवर पैसे मोजून ठेवताना कित्येक दिवसांनी ताठ उभा राहिलो. अडचणीतल्या माणसाची लाज राखायची असते, हे तुम्हाला न शिकवता येत होतं. नंतर नोकरीत मोठ्या पदावरची पुष्कळ माणसं पाहिली, पण ही समज फार थोड्यांकडे दिसली.

आईला मी टोपीची गोष्ट सांगितली होती. पुढे मी पुण्याला निघालो की ती पिशवीत तूरडाळीची पुरचुंडी टाकायची, "टोपीवाल्यांना दे" म्हणून. दोनदा तुम्ही ती घेतलीत. तिसऱ्यांदा आलो तर शटर बंद होतं. शेजारी विचारलं, कुणाला नीट सांगता आलं नाही. आईला मात्र ते सांगायचा धीर मला कधी झाला नाही, आणि ती शेवटपर्यंत तुमच्यासाठी डाळ बांधून देत राहिली.

तुमचा,
लातूरचा पोरगा