परसातल्या शेंगांबद्दल विलासला पत्र

सातारा,
३० ऑगस्ट

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तू एकच हेका धरलास, ‘सगळ्यात जास्त येणारी शेंग कोणती, तेवढं नाव सांग.’ एका नावात सांगता येईना म्हणून कागद घेतला. जन्मभर लेजर तपासलेला माणूस तू, तुला बेरीज हवीच. पण इथं बेरीज कशाची धरायची हे आधी ठरवावं लागतं.

बियाण्याच्या पाकिटावर हेक्टरी उत्पादन छापलेलं असतं. तो आकडा शेतकऱ्यासाठी. त्याला माल दोन-तीन तोड्यांत काढून गाडी वाशीच्या बाजाराला पाठवायची असते. तुमच्या घरात खाणारी तोंडं तीन. एकाच दिवशी पाच किलो घेवडा निघाला तर वहिनी दोन दिवस कौतुक करतील, तिसऱ्या दिवशी तो शेजारी वाटत फिरशील. परसात जास्त येणारी शेंग कोणती, तर आठवड्यातून दोनदा अर्धा किलो निघते आणि ती जास्तीत जास्त महिने निघत राहते, ती. या हिशोबानं पाहिलंस तर निम्मी पाकिटं दुकानातच राहतील.

आधी घेवडा, म्हणजे फरसबी, कारण पेरायचा हंगाम तोंडावर आलाय. बुटका झुडपी घेवडा आणि वेलाचा घेवडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात ‘कंटेंडर’ सहज मिळतो. अमेरिकेतून आलेला जुना वाण, शेंग गोलसर, शिरा जवळपास नाहीत. पन्नास-पंचावन्न दिवसांत पहिला तोडा. पुढं दोन-तीन तोडे आणि खेळ खलास. ‘अर्का कोमल’ची शेंग चपटी, सरळ, दिसायला देखणी. तिची ख्याती लांबच्या वाहतुकीत टिकते म्हणून आहे. तुझी वाहतूक परसातून ओट्यापर्यंत, तेव्हा त्या गुणाचे पैसे तू कशाला मोजायचे? काकूंचे दात लक्षात घेतले तर माझं मत ‘अर्का सुविधा’ नाहीतर ‘अर्का शरथ’ला. दोन्हींना शिरा नाहीत. ‘शरथ’ची शेंग गोल आणि गरदार आहे. नुसती वाफवून, वर जिरं-मिरचीची फोडणी आणि ओलं खोबरं घातलं तरी पुरते. शिरा काढत बसायचं काम संपतं हाही एक फायदा. आमच्याकडं ते काम माझ्याकडं आहे, म्हणून मला त्याची किंमत कळते.

झुडपी घेवडा एकदम पेरू नकोस. दोन-अडीच मीटरची एक ओळ सप्टेंबरच्या मध्यावर, दुसरी पंधरा दिवसांनी, तिसरी आणखी पंधरा दिवसांनी. पहिली दमली की दुसरी शेंगेवर येते. अशानं दिवाळीपासून जानेवारीपर्यंत ताटात घेवडा राहतो. फेब्रुवारीनंतर मात्र सांगलीत त्याचा नाद सोड. पारा पस्तिशीकडं गेला की फूल येतं आणि गळून पडतं. मग माणूस खत घालतो, पाणी वाढवतो, औषध मारतो, आणि दोष असतो उन्हाचा.

दुसरी गोष्ट पाण्याची. तुझ्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरं पुट चढतं असं तू मागं म्हणाला होतास. भाज्यांमध्ये खारं पाणी सगळ्यात कमी सोसणाऱ्यांत घेवड्याचा नंबर वरचा आहे. पानांच्या कडा करपतात, झाड खुरटतं. घेवड्याच्या ओळींना नळाचं पाणी दे, बोअरचं गवारीला ठेव. गवार अशा बाबतीत भलतीच सोशिक.

तुझी जमीन काळी, भारी. सपाट वाफ्यात पेरलंस तर पाणी साचून बी कुजेल. सरी-वरंबा करून वरंब्याच्या बगलेला टोकण कर, म्हणजे एकेक बी टोचून लाव, बी बोटाच्या दोन पेरांइतकं खोल. आधी जमीन भिजवायची, वाफसा आला, म्हणजे ओल बेताची होऊन माती मोकळी झाली, की पेरायचं, आणि उगवून येईपर्यंत शक्यतो पाण्याला हात लावायचा नाही. बी रात्रभर भिजत घालायची हौसही नको. घेवड्याचं बी पाणी पिऊन टचकन फुगतं, साल तडकते आणि डाळी सुट्या होतात.

खताचं एक सांगून ठेवतो, कारण ‘शेंगवर्गाला नत्र लागत नाही’ हे तू कुठंतरी वाचलेलं असणार. चवळी, वाल, गवार यांच्या मुळांवर नत्र पुरवणाऱ्या गाठी भरपूर धरतात, त्यांना ते लागू आहे. त्यांना नत्र जास्त झालं तर वेल माजतो, पानं तळहाताएवढी होतात आणि शेंगेचा पत्ता नसतो. घेवड्याच्या मुळांवर गाठी फार कमी येतात. त्याला कुजलेलं शेणखत पोटभर आणि पहिल्या महिन्यात थोडं नत्र द्यावंच लागतं. एकाच वाफ्यात दोघांना एकच माप लावू नकोस.

आता वालाकडं येतो. खरं सांगायचं तर हे सगळं पत्र मी वालासाठीच लिहायला घेतलंय. महिन्यांच्या हिशोबात वेलाच्या वालापुढं कुणी टिकत नाही. कुंपणावर नाहीतर मांडवावर चढवलेला एक वेल दिवाळीच्या सुमारास लागतो तो संक्रांत ओलांडून पुढंही देत राहतो. पण त्याचं एक तंत्र आहे. दिवस लहान झाल्याशिवाय जुने गावठी वाण फुलावर येतच नाहीत. जूनमध्ये लाव, ऑगस्टमध्ये लाव, फूल रात्र मोठी झाल्यावरच. जूनमध्ये लावलेल्या वेलाला तोवर मांडवभर पसरायला वेळ मिळतो, उशिरा लावलेला लहानपणीच फुलतो. म्हणजे यंदा तुला अंगभर वेल मिळायचा नाही, पण ताटापुरत्या शेंगा नक्की मिळतील. आठ दिवसांत बी टाक.

दिवसाच्या लांबीची फिकीर न करणारे बुटके वाणही निघालेत. दापोलीच्या विद्यापीठाचा ‘कोकण भूषण’, बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेचे ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’. कधीही पेरा, वेळेवर शेंगा. जागा कमी असेल तर उत्तमच. (नावावरून मूळ गाव कळतं बघ. ‘अर्का’ बंगळूरचं, ‘पुसा’ दिल्लीचं, ‘फुले’ राहुरीचं, ‘कोकण’ दापोलीचं. पाकिटावरच्या जाहिरातीपेक्षा हे वाचावं.) पण चवीला मी गावठी वेलाच्याच बाजूचा. थंडीत सकाळी दव वाळल्यावर शेंगा तोडायला जा. बोटांना तेलकट, किंचित चिकट असं काहीतरी लागतं आणि त्याचा उग्र वास हात धुतल्यावरही जात नाही. दाण्याच्या आमटीला चव येते ती त्या वासाची. मंडईतल्या शेंगा पोत्यात दाबून येईपर्यंत तो वास निम्मा उडालेला असतो. तुमच्याकडं वरण्याची, म्हणजे वालाच्या दाण्यांची, आमटी होते ना, खोबरं-कांदा भाजून वाटलेली? एकदा त्याच दिवशी तोडलेल्या शेंगांचे दाणे घालून कर आणि मग मला फोन कर.

वेल घेताना शेजारपाजारी जुना वेल कुणाकडं आहे बघ आणि त्याचंच बी माग. पांढरट शेंगेचा, हिरव्या शेंगेचा, जांभळ्या कडेचा, घरागणिक वेगळा असतो. शेंगेसाठी हवा की दाण्यासाठी, हे मात्र विचारून घे. दाण्याच्या वालाची, म्हणजे पावट्याची, साल कोवळी असतानाही चरबट लागते. काकूंना ती चावायची नाही.

उन्हाळ्याची सोय गवार आणि चवळीनं होते. ‘पुसा नवबहार’ गवार फांद्या न फोडता सरळ वाढते, बुडापासून शेंड्यापर्यंत घोस लागतात, शेंग लांब आणि गुळगुळीत. उत्पन्नाला तिला तोड नाही. चवीला मात्र गावठी, बारीक लव असलेली, आखूड गवारच खरी. लसूण आणि शेंगदाण्याचं कूट घालून सुकी केली की भाकरी कमी पडते. तोडताना हात खाजतात, म्हणून ते काम तू कर. माझं मत विचारशील तर दोन ओळी नवबहारच्या आणि एक गावठीची, फेब्रुवारीअखेर.

चवळीत ‘पुसा कोमल’ बुटकी आणि भरवशाची, जिवाणूजन्य करप्याला दाद न देणारी. मांडव रिकामा असेल तर ‘अर्का मंगला’ चढव. शेंग हातापेक्षा लांब, शिरा नाहीत, नातवंडं आली की तिच्याशीच खेळतात. चवळीवर मावा येणार हे धरून चाल. शेंड्याला काळं काजळ फासल्यासारखं दिसतं, जवळून पाहिलं की ते हलतं. मुंग्या चढताना दिसल्या म्हणून लगेच घाबरू नकोस. चवळीच्या फुलाच्या दांड्यावरच गोड रसाचे बारीक थेंब असतात, मुंग्या त्यासाठीही येतात. शेंडा उलटून बघ. मावा असेल तर पाण्याचा जोराचा फवारा मार, फारच झाला तर शेंडा खुडून टाक. ठिपकेवाल्या लाल ढालकिड्याला मारू नकोस, तो आणि त्याची अळी दोघं मावा खातात.

चारधारी घेवड्याचं बी कुणी दिलं तर एक वेल लाव, शोभा म्हणून. बाकी नावांच्या मागं यंदा लागू नकोस.

वाघ्या घेवड्याबद्दल वहिनींनी विचारलं होतं. तो आमच्या कोरेगाव तालुक्याचा, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तो शेंगेचा घेवडा नव्हे, वाळलेल्या दाण्याचा. फिकट दाण्यावर लालसर पट्टे असतात, म्हणून वाघ्या. पावसाळी पीक, पाऊस सुरू होताना पेरतात आणि पाऊस ओसरताना काढतात. त्याची साल पातळ आणि दाणा मऊ शिजतो, बाजारच्या राजम्यासारखा पिठूळ होत नाही. परसातल्या एका वाफ्यात दोन आमट्यांपुरता निघेल, त्यामुळं लावायचा तर हौसेनं, पोटासाठी दुकानातून आण. आणि कोणताही वाळला घेवडा रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचं आणि नव्या पाण्यात खळखळा उकळवून किंवा कुकरला लावूनच शिजवायचा. कच्चट दाण्यात पोट बिघडवणारं द्रव्य असतं. मंद आचेवर कोमट राहून ते जात नाही.

तोडणीत कुचराई नको. शेंग वाकवली की कडकन मोडली पाहिजे आणि आतला दाणा बाहेरून उठून दिसता कामा नये. एखादी शेंग जून होऊ दिलीस की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि नवी फुलं कमी होतात. पानं ओली असताना वेलात शिरू नकोस, तांबेरा रोग हातांवरून पसरतो.

बी दरवर्षी विकत घ्यायचं कारण नाही. घेवडा, चवळी, गवार आपलंच परागीकरण आपण करून घेतात, सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच उतरतं. पहिल्या बहरातल्या एका निरोगी झाडाला खूण बांध, त्याच्या शेंगा वाळू दे, शेवटच्या किडक्या-वाकड्यांचं बी धरू नकोस. भुंगा शेंगेवरच अंडी घालून ठेवतो, म्हणून चांगलं वाळवून घट्ट डब्यात आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेव आणि मग कपाटात. विकतच्या बियाण्याला गुलाबी पूड लावलेली असते. उरलं म्हणून वहिनी ते उसळीत टाकणार नाहीत एवढं बघ.

पुढच्या रविवारी धाकटा सांगलीला येतोय, त्याच्याबरोबर तीन पुड्या देतो. गावठी वालाची आल्या दिवशी लाव. शरथची सप्टेंबरच्या मध्यावर. वाघ्याची जूनपर्यंत डब्यात. गवारीचं बी इथं मंडईजवळच्या दुकानात जानेवारीत येतं, तेव्हा पाठवीन. मांडवाला बांबू वापरणार असशील तर खांब मीटरभर तरी जमिनीत गाड, लगडलेला वेल वाऱ्यात फार ओढतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार. पहिला तोडा कधी झाला ते कळव.

तुझा,
मधू