घरात शिरणाऱ्या साप व उदमांजरांबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, पावसाळ्यात बिळांत पाणी शिरल्यामुळे टेकडीलगतच्या आपल्या इमारतींत साप कोरड्या जागेच्या शोधात येतात. मागील आठवड्यात चपलांच्या रॅकखाली वेटोळे घालून बसलेली धामण काठीने मारण्यात आली. ती बिनविषारी, उंदीर खाणारी होती, याचे फार वाईट वाटते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार धामण मारणे हा गुन्हा आहे. साप दिसल्यास लांबून नजर ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

माळ्यावर उदमांजर व्याले असल्यास पिल्ले मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत भोके बुजवू नयेत, अन्यथा ती आत उपाशी मरतात; त्यानंतरच जाळी बसवावी. दाराखालची फट आणि उघडा कचरा यांकडे मात्र आजच लक्ष द्यावे.

– सचिव