लॅबमधल्या ताईला, त्या वजाबाकीबद्दल

ताई, तुला तोंडावर थँक्यू म्हटलं असतं तर तू 'चल, चहा पाज' म्हणून उडवून लावलं असतंस, म्हणून लिहूनच टाकतो.

कॅशे (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) सिम्युलेशनचा माझा ट्रेस, म्हणजे प्रोग्रामने हात लावलेल्या मेमरीच्या पत्त्यांची यादी, सर्व्हरवरचा सगळा कोटा खाऊन बसला होता. ज्याला विचारावं तो शहाणपणा शिकवून मोकळा. एक म्हणाला नवी हार्ड डिस्क घे, दुसरा म्हणाला दर हजारातला एकच पत्ता ठेव, कोणाला कळतंय! अरे पण मग कॅशे मिस, म्हणजे कॅशेत न सापडलेले पत्ते, मोजायचे कशावर, तुमच्या कपाळावर? दोन मेलना तर उत्तरच नाही.

तू लिंक पाठवली नाहीस. खुर्ची ओढलीस, मेसच्या बिलाची मागची बाजू घेतलीस आणि ट्रेसच्या वीसेक ओळी पेन्सिलीने उतरवून काढल्यास. इन्स्ट्रक्शनचे पत्ते एका रांगेत, डेटाचे दुसऱ्या रांगेत, आणि मग बोटांवर हेक्साची, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांची, वजाबाकी सुरू. चार, चार, चार, मग लूपची मागे उडी, परत चार चार. डेटाकडे आठ, आठ, आठ. मला एकदम दिसलं की फाइल दाबणारं जीझिप का दमत होतं, ते तसाच तुकडा बघणार मागच्या 32 केबीत, आणि ॲरेवरून पुढे सरकताना आपला प्रत्येक पत्ता नवाच, फरक मात्र तोच. ट्रेस दाबायच्या 1994 च्या पीडॅट्स पद्धतीत हेच आहे आणि त्याच कामाचं 2004 चं व्हीपीसी3 तर पुढचा पत्ता आधी ओळखून बघतं, बरोबर आला तर फक्त कुठल्या प्रेडिक्टरने ओळखला तेवढंच लिहितं, हे मी नंतर वाचलं. तू सांगितलंही नाहीस, नावं फेकायची सवयच नाही तुला. अशी माणसं असतात म्हणून आमच्यासारख्यांच्या डिग्र्या होतात बाई.

शेवटी पत्त्यांऐवजी फरक लिहून दाबलेली फाइल परत उलगडून मूळ फाइलशी सीएमपी (दोन फाइली ताडणारी कमांड) मारलं, स्क्रीनवर एक अक्षर नाही. 'गप्प आहे ना, म्हणजे बाइट न् बाइट तोच,' म्हणालीस. मेलवाल्यांच्या गप्प बसण्यापेक्षा हे गप्प बसणं किती बरं!

एक सांगायचं राहिलंय. त्या बिलावर 401154 वरून 401128 ला मारलेली उडी तू 26 लिहिलीयस. हातचा सोळाचा घ्यायचा तो दहाचा घेतलास, उत्तर 2सी आहे. आर्म 64 प्रोसेसरवर प्रत्येक इन्स्ट्रक्शन चार बाइटची, तिथे चारच्या पटीत नसलेली उडी, ताई?