खिडकी दोन फूट खाली

अहमदाबाद,
3 मे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोन केला की बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणतात, आणि आई "जेवलीस का"पासून सुरू होऊन गल्लीतल्या लग्नांवर जाते. माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून पत्र. बाबा, आईला वाचून दाखवताना मधलं गाळू नका. तुमच्याबद्दल एक तक्रार आहे, ती तुम्ही नक्की गाळाल. सोबत कागदाची गुंडाळी आहे, ती भाकरीच्या डब्याखाली अंथरू नका. आपल्या घराचा नकाशा आहे तो.

परवा इथल्या आर्किटेक्चरच्या शिक्षणातली माझी शेवटची ज्युरी झाली. म्हणजे आपलं काम भिंतीवर लावायचं आणि चार-पाच जाणत्या माणसांनी ते दाणा दाणा निवडायचं. आई, तू शेजारी सांगतेस ना, "पोरगी मोठमोठ्या बिल्डिंगी शिकतीय"? तसं काही नाही गं. मी वर्षभर तुझ्या बसण्याचा अभ्यास करत होते.

दिवाळीत मी टेप घेऊन तुझ्या मागे फिरत होते, तेव्हा तू "ब्लाऊज शिवतीस का काय?" म्हणाली होतीस. ती मापं अशी. तू मांडी घालून विड्या वळायला बसलीस की तुझे डोळे जमिनीपासून 2 फूट 4 इंचांवर असतात. मांडीवरचं सूप 9 इंचांवर. आणि आपल्या खोलीची खिडकी सुरू होते 3 फुटांवर. म्हणजे तुझे डोळे जिथे संपतात त्याच्या वर खिडकी. तिच्यातून येणारा उजेड समोरच्या कॅलेंडरवर पडतो, वारा तुझ्या डोक्यावरून जातो, आणि खिडकीखालच्या भिंतीची सावली नेमकी तुझ्या सुपात. पंखा लावावा तर तंबाखू उडते. म्हणून तू इतकी वर्षं उंबऱ्यात बसलीस. लहानपणी मला वाटायचं, तुला गल्लीतल्या गप्पा आवडतात म्हणून तू दारात बसतेस. तेही होतंच म्हणा. पण हजार विड्या वळायच्या, पान कातरायचं, दोरा बांधायचा, आणि आत दिसत नाही, हे कुणी बोललंच नाही. तूही नाही.

तुझ्यामुळे मी गल्लीतल्या नऊ घरांत गेले. कारखान्यात बसून शिकलेली तुझी तेलुगू नसती तर मला एकाही बाईने टेप लावू दिला नसता. नऊपैकी सात जणी दारात बसून काम करत होत्या. त्यांच्या घरांतल्या खिडक्यांसमोर काय होतं? कपाट, पाण्याचे बॅरल, पेटीवर रचलेल्या चादरी. खिडकीचा उपयोगच नाही, मग जागा कशाला वाया घालवा!

आता तक्रार. बाबा, ही खिडकी तुम्ही बांधलीत. रविवार-रविवार साठवून, आधी जोतं, मग एक खोली, मग दोन वर्षांनी स्लॅब. दिवाळीत मी विचारलं, "3 फूट का?" तर म्हणालात, "सगळीकडं तीनच असतंय की." खरंच सगळीकडे तीनच असतं. पण ते माप येतं टेबल-खुर्चीवरून. टेबल अडीच फुटांचं, त्याच्या वर खिडकी. वरच्या मजल्यावर पोरं पडू नयेत म्हणूनही ते बरं. पण तळमजल्यावर, जमिनीवर बसून दिवस काढणाऱ्या बाईच्या घरात ते कुणाच्या उपयोगाचं?

हे तुम्हाला म्हणताना मला लाज वाटते, कारण इथे शिकायला येण्याआधी पुण्याच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात दोन वर्षं मीही तेच केलं. पहिले सहा महिने तर फक्त संडास-बाथरूमच्या टाइल्स आणि दार-खिडक्यांचे तक्ते. प्रत्येक खिडकीपुढे सिल, म्हणजे खिडकीच्या खालच्या काठाची उंची, 900, 900, 900. मिलिमीटरमध्ये लिहितात, म्हणजे आपले 3 फूट. एक ओळ लिहायची आणि खाली खेचत जायची. तिथे झालेली एक फजिती तुम्हाला सांगितली नव्हती. खिडकीची सिल स्लॅबपासून मोजायची की फरशी बसल्यावरच्या लेव्हलपासून, हे मी नकाशावर लिहिलं नव्हतं. साइटवर सिल धरली स्लॅबपासून आणि खिडकीच्या डोक्यावरचं लिंटेल धरलं फरशीपासून. ग्रिल आले, लावायला घेतले, तर एका अख्ख्या मजल्यावर प्रत्येक ग्रिल चार इंचांनी कमी! पगार कापला नाही, पण पुढचे दोन महिने मला साइटवर पाठवलं नाही. ते जास्त लागलं. कारण साइटवरच मला करमायचं. तिथले मिस्त्री आधी माझ्याकडे बघायचेही नाहीत. एकदा मी "ओळंबा लावून बघा, भिंत बाहेर पडतीय" म्हटलं तर थापी हातात तशीच धरून बघत राहिले. विचारलं, "मॅडम, गाव कुठलं?" म्हटलं, सोलापूर, वडील गवंडी आहेत. त्या दिवसापासून चहा पहिल्यांदा मला.

इथलं अहमदाबादही आपल्यासारखंच गिरण्यांचं गाव. गिरण्या गेल्या, पण इथल्या गिरणीमालकांनी त्यांच्या संघटनेसाठी कॉर्बुझिए नावाच्या मोठ्या वास्तुविशारदाकडून बांधून घेतलेली इमारत उभी आहे, 1954 सालची. आपल्याकडची जुनी मिल तर केव्हाच बंद पडली. इथे आयआयएमची जुनी विटांची इमारत बघताना मात्र तुमची फार आठवण आली. लुई कान नावाच्या अमेरिकन माणसाचं काम. उघड्या विटा, गिलावा नाही, भल्यामोठ्या चपट्या कमानी आणि त्या पसरू नयेत म्हणून खाली दोन्ही टोकं धरून ठेवणारी काँक्रीटची तुळई. तुम्ही असता तर आधी कमान बघितली नसती, विटांचे सांधे बघितले असते. एकदा या. तिकीट मी काढते.

आणि इंदूरला अरण्य नावाची वसाहत बघायला नेलं होतं. बाळकृष्ण दोशींनी केलेली, मूळचे पुण्यात जन्मलेले. 2018 मध्ये त्यांना आमच्या क्षेत्रातला सगळ्यात मोठा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. 2023 च्या जानेवारीत गेले. अरण्यमध्ये गरिबाला पूर्ण घर देण्याऐवजी जोतं, संडास आणि नळ-ड्रेनेजची सोय करून दिली, आणि कसं वाढवता येईल हे दाखवायला 80 घरं नमुना म्हणून बांधली. बाकीचं ज्याचं त्याने, पैसे जमतील तसं. माझ्यासोबतची मुलं भराभर फोटो काढत होती. मी मनात म्हणत होते, हे तर माझ्या बाबांनीही केलंय. अर्थात दोशींनी आधी ड्रेनेजचा विचार केला होता, तुम्ही नाही! तिसऱ्या दिवाळीला अंगण उकरल्याचं आठवतंय ना?

ज्युरीत एक पाहुणे सर होते. त्यांनी विचारलं, "आता जमिनीवर बसतं कोण? या लोकांनाही सोफाच हवा असतो." प्रश्न चूक नव्हता. आपल्याकडेही सोफा आहेच. मी म्हटलं, "सर, आमच्या सोफ्यावर आजवर पाहुणे आणि इस्त्रीचे कपडे सोडून कुणी बसलेलं नाही. आई त्याच्या पायाशी बसते." ते हसले, पण पटलं की नाही माहीत नाही. मग मी आकडे सांगितले. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची 10 हजार घरं 2006 मध्ये झाली. पलीकडे रे नगरमध्ये 30 हजार घरांची योजना, त्यातली पहिली 15 हजार 19 जानेवारी 2024 ला लोकांच्या ताब्यात आली. एवढ्या संख्येने घरं बांधायची तर एका खिडकीची उंची ही बारीक गोष्ट राहत नाही, एवढंच माझं म्हणणं. मार्क ठीक मिळाले. रेखांकनाला कमी, लिखाणाला जास्त. मला उलटं हवं होतं.

आता कामाचं. बाबा, उत्तरेच्या बोळाकडची खिडकी खाली आणायची. रुंदी वाढवू नका, लिंटेल आहे तसंच राहू दे. फक्त सिलखालचे सहा-सात थर काढायचे, 1 फुटापर्यंत. टीव्हीची वायर तिथूनच गेलीय, आधी मेन स्विच बंद. खाली शहाबादी बसवा, बाहेर अर्धा इंच उतार देऊन. छज्जा दीड फुटाचा आहे तो पुरेल. उत्तरेला दुपारचं ऊन लागत नाही, असं आमच्या पुस्तकांत असतं, पण ते दिल्लीकडचं. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मग जुलै संपेपर्यंत दुपारी जरासा उत्तरेलाच असतो. येत्या आठ-दहा दिवसांत दुपारी साडेबाराच्या जरा आधी अंगणात उभं राहून बघा, सावली पायाखाली जाते. याच दिवसांत स्लॅब सगळ्यात जास्त तापतो. तर याच कामात वर चुन्याचे दोन हात मारून घ्या.

आई, तू काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. बोळातून येणारे-जाणारे बघतील, मांजर तंबाखूत लोळेल. म्हणून नकाशात खालच्या फूटभरात विटांची जाळी काढलीय, आतून बाहेरचं दिसेल, बाहेरून आतलं फारसं नाही. पण ही जाळी उजेड किती खाईल याचा मला अंदाज येत नाही. म्हणून तोडायच्या आधी एक कर. शेजारच्या घराचं काम चाललंय, तिथे खिडकीची चौकट अजून बसवलेली नाही. तिथे सूप घेऊन तासभर बस, पुढ्यात सुट्या विटा फटी ठेवून रचायला सांग, आणि दोऱ्याची गाठ दिसते का ते बघ. चष्म्याचा नवा नंबर काढल्याशिवाय नको हं, नाहीतर दोष माझ्या जाळीवर यायचा.

पुण्याचं एक ऑफिस बोलावतंय, पगार आधीपेक्षा बरा आहे, कर्जाचा हप्ता निघेल. पण जूनचे तीन आठवडे मी सोलापुरात आहे, आणि हे काम तेवढ्यात उरकायचं. शेंगाचटणी संपली, पाठवू नका, मीच येते.

शनिवारी फोन करीन. बाबा, त्याआधी लिंटेलच्या खालून जमिनीपर्यंत टेप लावून ठेवा. फरशीपासून.

तुमची,
पूजा