गाडी चालू आहे तरी निव्वळ बल शून्य

मा. संपादक साहेब,
नमस्कार. विषय शाळेचा आहे पण आपल्या भागातल्या सगळ्या पालकांच्या कामाचा आहे म्हणून लिहितोय.

माझी पोरगी नववीत आहे. तिच्या क्लासच्या टेस्टमधे प्रश्न होता, बैलगाडी मालासकट 500 किलो, सपाट रस्त्याने एकसारख्या वेगाने सरळ चाललीय, बैलं 400 न्यूटनने पुढे ओढताय आणि घर्षण 400 न्यूटनने मागे, तर निव्वळ बल, म्हणजे उलटसुलट बलं वजा करून उरतं ते, किती? पोरीने शून्य लिहिलं, सरांनी काट मारली. म्हणे शून्य असतं तर गाडी चालली कशी असती!

आता मी बारावी सायन्स करून केळी लावणारा माणूस, पण एवढं मला अजून आठवतं की गाडी चालू ठेवायला निव्वळ बल लागतच नाही, वेग बदलायला लागतं. न्यूटनने हे 1687 मधे छापलंय, आणि पोरीच्या पुस्तकात पहिलाच धडा गतीचे नियम आहे, त्यात संतुलित बल म्हणून दिलंय. आपली गफलत कुठे होते तर बैलांनी ओढणं सोडलं की गाडी थांबते, मग वाटतं बल संपलं म्हणून थांबली. उलट आहे भाऊ, तोवर शून्य होतं आणि आत्ता कुठे 400 न्यूटनचं निव्वळ बल लागलं, मागच्या बाजूला, त्यानेच ती थांबली. बैलांनी 600 चा जोर लावला असता तर 600 वजा 400 म्हणजे 200, भागिले गाडीचे 500 किलो, त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर 0.4 मीटर प्रति सेकंद वर्ग. दोन ओळींचं गणित आहे.

जडत्व समजायचं तर रावेर भुसावळ एसटीत उभं राहून जावं. समोर म्हैस आली, ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळे म्हणताय पुढे ढकलले गेलो, पण ढकललं कोणी? कोणीच नाही. बस थांबायला लागली आणि तुमचं अंग आधीच्याच वेगाने निघालं. ताशी 36 किमी म्हणजे सेकंदाला 10 मीटर, बस 4 सेकंदात थांबली तर त्वरण मागे 2.5, साठ किलोच्या माणसाला बसबरोबर थांबायला 150 न्यूटन मागे ओढणारं बल पाहिजे, ते दांडा आणि पायाखालचं घर्षण मिळून देतं. 150 न्यूटन म्हणजे साधारण पंधरा किलोचा केळीचा घड हातात तोलायला लागतो तेवढा जोर. एका हातात पिशवी, दुसऱ्यात मोबाईल असला की मग माणूस समोरच्याच्या अंगावर जातो.

पोरीचे मार्क गेले ते जाऊ द्या, दोनच होते. पण तुमच्या पेपरच्या सराव प्रश्नांतही दरवेळी घर्षण शून्य धरा असंच लिहिलेलं असतं, मग पोरं वजाबाकी करायची कधी शिकणार? पुढच्या वेळेला एखादा प्रश्न ट्रॅक्टर ट्रॉलीचा टाका, घर्षणासकट.

आपला,
एक केळी उत्पादक पालक, रावेर तालुका