शांघायच्या त्या तारयंत्रचालकाबद्दलही लिहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला चीनच्या यादवी युद्धातील कम्युनिस्ट हेरांवरचा लेख वाचला. कम्युनिस्टांशी लढणाऱ्या सत्ताधारी कुओमिंतांग पक्षाचा सेनापती हू त्सुंगनान याचा विश्वासू सचिव म्हणून वावरणारा आणि 1947 साली यानान या कम्युनिस्टांच्या मुख्यालयावरच्या हल्ल्याची योजना आधीच फोडणारा श्युंग श्यांगहुई, 1950 मध्ये तैपेईत गोळ्या घालून मारला गेलेला लेफ्टनंट जनरल वू शी, ही माणसे लेखात चांगली उभी राहिली आहेत. पण माहिती हाती लागली की लेखक पुढच्या वाक्यात लगेच ती ‘मुख्यालयाला कळवली गेली’ म्हणून मोकळे होतात. कोणी कळवली, कुठे बसून, किती रात्री जागून, याचा पत्ता नाही. माझी सगळी नोकरी मिरजेच्या तारघरात मोर्सच्या कीवर, म्हणजे टिंब-रेघा ठोकायच्या खटक्यावर, गेली. त्यामुळे हे वाचून मला गप्प बसवेना.

या युद्धात ज्याच्याबद्दल आधी लिहायला हवे असा माणूस म्हणजे शांघायचा गुप्त वायरलेस चालक ली बाय. तो 1910 साली हूनान प्रांतातल्या ल्यूयांगचा, गरीब घरचा. लहानपणीच कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्याकडे कामाला लागला. पुढे लाल सैन्यात, म्हणजे कम्युनिस्टांच्या फौजेत, वायरलेस शिकला आणि लाँग मार्च या त्या फौजेच्या लांबलचक माघारीच्या पूर्ण वाटेवर संच सांभाळत चालला. 1937 च्या शरदात पक्षाने त्याला शांघायला पाठवले. 1938 पासून तो तिथून यानानशी रात्रीचे बोलू लागला. यानान हे नाव मराठी वाचकाला परके नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1939 मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर तिथे पोहोचले, तेव्हा शांघायहून ली बायचे संदेश रात्री त्या डोंगराळ भागात उतरत होते.

शांघाय ते यानान सरळ रेषेत बाराशे किलोमीटरहून जास्त. एवढ्या अंतरासाठी ली बायचा प्रक्षेपक किती शक्तीचा, तर 7 वॅटचा. घरातला शून्याचा दिवा यापेक्षा फार वेगळी वीज खात नाही. शक्ती वाढवली तर शोधणाऱ्या यंत्रांना लगेच सापडणार, कमी केली तर पलीकडे ऐकू जाणार नाही. म्हणून त्याने मध्यरात्रीपासून पहाटे चारपर्यंतची वेळ धरली. त्या वेळी हवेत बाकीच्या स्टेशनांची गर्दी कमी असते आणि लघुलहरी लांब जातात. प्रकाश बाहेर दिसू नये म्हणून कमी शक्तीचा दिवा, त्यावर काळे कापड. कीचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून तिच्याखाली कागदाचा तुकडा. खिडक्या बंद. शांघायच्या उन्हाळ्यात अशा खोलीत चार तास बसणे काय असेल ते कोकणात मे महिना काढलेल्या माणसाला सांगायला नको. आणि कीखाली कागद आला की हाताला नेहमीचा ठोका मिळत नाही, आपण दिलेला टिंब पुरता गेला की नाही याची खात्री बोटांना राहत नाही. माझ्यासारखीला हे वाचूनच हात आखडल्यासारखा होतो.

तो पाठवत काय असे, तर निव्वळ आकडे. चिनी लिपीत हजारो अक्षरे, म्हणून तारेसाठी प्रत्येक अक्षराला चार आकडी क्रमांक दिलेला असतो. गुप्त संदेशात तेही आकडे बदललेले. मोर्समध्ये प्रत्येक आकड्याला पाच खुणा लागतात, म्हणजे एका अक्षरामागे वीस. आमच्याकडे बँकांच्या सांकेतिक तारा येत, तेव्हा आम्ही श्वास रोखून काम करायचो. साध्या तारेत एखादे अक्षर चुकले तरी घेणारा अर्थावरून सावरून घेतो. आकड्यांत सावरायला काहीच नसते. एक आकडा इकडचा तिकडे झाला की रक्कम बदलली. ली बायच्या बाबतीत सैन्याच्या तुकडीचा ठिकाणा बदलला असता. पलीकडून पुन्हा मागणी आली की पुन्हा पाठवायचे, आणि जितका वेळ हवेत राहू तितके पकडणारे जवळ येणार. तरीही पुन्हा पाठवायचे.

त्याचा एक गुरू होता, तू त्सुओछाव. मूळचा सुतार, म्हणून साथीदारांत ‘सुतार’ याच नावाने ओळखला जाई. दोघांनी मिळून शांघायमध्ये रेडिओ दुरुस्तीचे दुकान थाटले. दिवसा गिऱ्हाइकांचे रेडिओ उघडायचे आणि त्या आडोशाने आपले संच बांधायचे. त्यांनी साध्या रेडिओला दोन छोटी कॉइल जोडून त्याचा संदेशग्राहक करायची युक्ती काढली. कॉइल उपसली की उरला बाजारातला रेडिओ. 1942 च्या सप्टेंबरात जपानी लष्करी पोलिसांनी ली बायला पकडले, तेव्हा ती युक्ती कामी आली. छळ अतोनात झाला, पण आपला संच व्यापारी बाजारभावांसाठी आहे या म्हणण्यावरून तो हलला नाही. एवढ्या कमी शक्तीचा प्रक्षेपक यानानपर्यंत पोहोचतो हे जपानी तज्ज्ञांनाही पटेना. 1943 मध्ये सुटला. 1944 मध्ये चच्यांग प्रांतात कुओमिंतांगच्या लोकांनी धरला, तिथूनही सुटला आणि महायुद्ध संपताच परत शांघायला येऊन कीवर बसला.

त्याची पत्नी छिउ हुइयिंग हिच्याबद्दल लिहायलाच हवे. ही कापड गिरणीतली कामगार. आधी केवळ संशय येऊ नये म्हणून पक्षाने तिला त्याची बायको म्हणून त्या घरात राहायला पाठवले. 1940 मध्ये दोघांनी खरेच लग्न केले. तो संदेश पाठवत असताना ही खिडकीशी जागी, रस्त्यावर कान लावून. सकाळी लोकांसमोर मात्र चारचौघांसारखा संसार. आमच्या खात्यात रात्रपाळी केलेल्या बायकांनी घरी काय ओढाताण सोसली ते मी पाहिले आहे. हिने तर तुरुंगही पाहिला, कारण 1942 मध्ये नवऱ्याबरोबर तिलाही पकडले होते.

यादवी युद्धाच्या काळात ली बाय दिवसा मत्स्यव्यवसायाच्या एका सरकारी कार्यालयात विजेची उपकरणे दुरुस्त करी आणि हुआंगदू रोडवरच्या 107 क्रमांकाच्या गल्लीतील 15 नंबरच्या घरातून रात्री संदेश पाठवी. 1948 च्या अखेरीस यांगत्से नदीच्या बचावाविषयीची कुओमिंतांगची माहिती त्याच्या हातून जात होती. तोवर त्याला शोधणाऱ्यांकडे दिशाशोधक गाड्या आल्या होत्या. शिवाय ते एकेका वस्तीची वीज काही क्षण बंद करत आणि ऐकत राहत. ज्या वस्तीचा दिवा गेल्यावर हवेतला आवाज तुटला, ती वस्ती. मग गल्ली, मग घर. 30 डिसेंबर 1948 ला पहाटेपूर्वी ते दारात आले.

त्याने कुणाचे नाव फोडले नाही. तुरुंगातले शेवटचे भेटणे असे झाले की जवळच्या एका घराच्या मागच्या खिडकीतून छिउ हुइयिंग लहान मुलाला घेऊन उभी राहिली आणि पलीकडे कोठडीच्या खिडकीत ली बाय, पाय निकामी झालेले, दोन्ही बाजूंनी कैद्यांनी उचलून धरलेला. पहाट होत आली आहे, ज्याची मी आशा केली ते पाहिल्यासारखेच आहे, असे तो तिला म्हणाला. मुलगा कडेवर घ्या म्हणून हात पसरत होता. तो दिवस 7 मे 1949. त्याच रात्री त्याला पुडाँगमध्ये नेऊन मारले. त्याच्याबरोबर मारलेल्यांत छिन होंगचुन हा शांघायमधला दुसरा वायरलेस चालकही होता, मार्चमध्ये पकडलेला. वीस दिवसांनी, 27 मे रोजी, शांघाय कम्युनिस्टांच्या ताब्यात आले. गुप्तवार्ता प्रमुख ली खनोंगने नवे महापौर चेन यी यांना तार करून ली बायचा शोध घ्यायला सांगितले, पण तेव्हा सापडला तो मृतदेह.

मी चिनी राजवटीची भक्त नाही. 1962 नंतर आमच्या पिढीला ते शक्यही नव्हते. ज्या पान हान्न्येनने शांघायमधले हे गुप्त काम उभे केले, त्याला 1955 मध्ये त्याच्याच पक्षाने गद्दार ठरवून कैदेत टाकले. 1977 मध्ये तो कलंक घेऊनच तो गेला, आणि निर्दोष ठरला 1982 मध्ये. माझ्या मते हा निर्लज्ज अन्याय आहे आणि आपल्या लेखात तोही यायला हवा होता. पण ली बायने कीवर जे काम केले ते आमच्या धंद्यातले सर्वांत कठीण काम होते, आणि ते त्याने अकरा वर्षे केले. त्याचा पक्ष कोणता, हे पाहून त्याचे मोल कमी करायला मी तयार नाही.

हुआंगदू रोडवरचे ते घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे. लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण छापले आहे. त्यात ली बाय, छिन होंगचुन, तू त्सुओछाव आणि छिउ हुइयिंग यांना जागा द्यावी, आणि जमल्यास त्या घराचे छायाचित्र छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त टेलिग्राफिस्ट, मिरज