फोटो टाकण्याआधी पान उलटं करून बघा
मंडळी, सध्या ग्रुपवर ‘झाडाला काय झालंय’ विचारत तुळस नि कढीपत्त्याचे फोटो धडाधड येतायत पण सगळे वरूनच काढलेले, प्लीज पानाची खालची बाजू पण टाका, खरी भानगड तिथेच असते. तुळशीची पानं आकसलीत आणि खाली काळे ठिपके दिसतायत तर बहुतेक लेस बग (पानातला रस शोषणारा बारीक किडा), शेंडे छाटा नि लिटरभर पाण्यात ५ मिली नीम ऑइल, दोन थेंब लिक्विड सोप घालून संध्याकाळी फवारा, उन्हात नको, पानं करपतात. पुदिन्याच्या पानाखाली नारिंगी पूड म्हणजे तांबेरा (बुरशीचा रोग), सरळ बुडापासून कापा, कंपोस्टमध्ये टाकू नका. कढीपत्त्यावरची पक्ष्याची शिट हलली तर ती फुलपाखराची अळी आहे, हाताने उचला, तिला औषध कशाला! आणि फवारलेली पानं आठवडाभर चहा-फोडणीत नको.